मुंगी ओ देत नाही

१० जून

वहिनी,

तर मुद्दा असा की दादाचं हेल्मेट मला हवंय ते भिंतीवर टांगायला नाही. फोनवर तू 'बघू' म्हणालीस आणि मग आपण दोघी 'जेवलीस का, झोपलीस का'वर घसरलो, म्हणून आता लिहूनच काढते. लिहिलं की तुला मध्येच 'दूध उतू जातंय' म्हणून पळता येणार नाही. तुझ्या आईकडे गॅसवर दिवसभर दूधच असतं का गं?

हे बघ. माझं फायर ब्रिगेडचं ट्रेनिंग संपलं, मी आता पक्की जवान आहे, पण बंबावर मला अजून कोणी चढू देत नाही. नवीन पोरगी आली, साहेबांनी तिला शाळा देऊन टाकल्या. म्हणजे वर्गावर्गांत जायचं आणि आग लागली तर काय करायचं ते मुलांना शिकवायचं. बाकीच्यांना ही शिक्षा वाटते. मला उलट वाटतं की मी स्टेशनात आले ती याच्यासाठीच. गेल्या वर्षी तो पोरगा कपाटात लपला नसता तर दादा आज घरी असता, हे तुलाही माहीत आहे, मलाही. आगीत लहान मुलं बाहेर पळत नाहीत, लपतात. आणि आमची माणसं दिसली की अजून आत सरकतात, कारण मास्क लावलेला माणूस भुतासारखा दिसतो!

माझ्या पहिल्याच वर्गात मी काय केलं असेल? सगळा गणवेश चढवून, तोंडावर मास्क लावून झोकात एंट्री मारली. मास्कमधून श्वास कसा येतो माहीत आहे ना, खर्रर्र फूऽस, खर्रर्र फूऽस, आजारी बैलासारखा. मागच्या बाकावरचा एक रडायला लागला, दोघी बाईंच्या मागे लपल्या आणि एक सरळ टेबलाखाली. बंबावरचे ड्रायव्हरमामा दारात उभे राहून म्हणाले, "वा! आग लागायच्या आधीच सगळी पोरं लपवलीस."

आता मी साध्या कपड्यांत जाते आणि त्यांच्यासमोर एकेक वस्तू चढवते. बूट, जाड कोट, हेल्मेट, शेवटी मास्क. प्रत्येक वस्तू आधी मुलं हातात घेतात, वास घेतात, एक दोघं चाटूनसुद्धा बघतात. मग मास्क लावून मी जमिनीवर बसते आणि ती माझ्याकडे येईपर्यंत थांबते. मास्क काढायचा नाही. हा माझा नियम. काढला की मुलं मास्ककडे नाही, माझ्या तोंडाकडे येतात, आणि खऱ्या आगीत तोंड दिसत नाही.

यासाठी दादाचं हेल्मेट हवं होतं. माझं नवंकोरं आहे, प्लॅस्टिकच्या खेळण्यासारखं चमकतं. त्याचं कसं, बघितल्यावर कळतं की हे कामाला गेलेलं आहे.

सोबत मुंगीसाठी एक पुस्तक पाठवतेय. मी स्वतः काढलंय, चित्रं पण माझीच, हसू नका. त्यात एक मिशीवाला काका आहे, ओळखशीलच. एका घराला आग लागते, सगळे बाहेर येतात, एक मूल कपाटात लपतं. आई हाका मारते, शेजारी हाका मारतात, ते ओ देत नाही. मग मिशीवाला काका आत जातो, एकेक खोली शोधतो, कपाट उघडतो आणि म्हणतो, "सापडलास!" शेवटच्या पानावर सगळे बाहेर उभे राहून हसतायत. साहेबांना इतकं आवडलं की ते छापून सगळ्या शाळांना वाटायचं म्हणतायत.

अजून एक. ज्यांचं घर जळतं त्यांना आम्ही आता 'पहिल्या रात्रीची पिशवी' देतो. टॉवेल, साबण, दात घासायचे ब्रश, एखादा सदरा, मुलं असतील तर एखादं खेळणं. सगळं जळाल्यावर माणसाला पहिल्या रात्री नेमकं हेच सापडत नाही. पिशव्या मात्र दुकानातल्या, लगेच फाटतात. तू शिवशील?

मुंगीला तिच्या भोंगाआत्याकडून एक पापा, मोठ्ठ्या आवाजाचा.

तुझी भोंगा


२२ जून

भोंगा,

पत्र मिळालं. तुझं अक्षर अजून तसंच आहे, उतारावरून सुटल्यासारखं.

हेल्मेट देणार नाही. कपाटात आहे, तिथेच राहू दे. त्याबद्दल परत लिहू नकोस.

पिशव्या शिवल्यात, पार्सलने येतील. हॉस्पिटलच्या आमच्या शिवणखात्यात पेशंटचे गाऊन शिवून झाले की लांबट तुकडे उरतात, ते कोणी नेत नाही. मी दुहेरी शिवण घातलीय आणि बंद रुंद ठेवलेत, खांद्याला रुतणार नाहीत. एका पिशवीत मुंगीने आपणहून काहीतरी टाकलंय आणि मला बघू दिलं नाही. ते तुझ्यासाठी नाही, असं तिने बजावून सांगितलंय.

पुस्तक तिला आवडलं. पहिलीत गेली तरी अजून नीट वाचता येत नाही, पण तोंडपाठ झालंय. रोज दुपारी आईला वाचून दाखवते. आई ऐकता ऐकता झोपते, तरी हिचं चालूच.

तू स्टेशनात गेलीस तेव्हा मी काही बोलले नाही. घरातला एक दिला ते पुरलं नाही का, असं तोंडावर आलं होतं. गिळलं. आताही गिळते. पण एक विचारते, तेवढ्याचं सरळ उत्तर दे. त्या दिवशी त्याचा मास्क कुठे होता? तुमच्या साहेबांनी मला 'उपकरणात काहीतरी अडचण आली' असं सांगितलं. मी दिवसभर शिलाई मशीनवर बसते. यंत्रात अडचण आली की माणूस कसं बोलतो ते मला माहीत आहे. साहेब तसं बोलत नव्हते.

वहिनी


१ जुलै

वहिनी, वहिनी, वहिनी,

पिशव्या! सगळं स्टेशन बघायला गोळा झालं होतं. मामांनी एक खांद्याला लावली आणि आरशासमोर उभे राहिले, म्हणे माझं घर कधी जळणार. साहेबांनी बंद ओढून बघितले आणि एवढंच म्हणाले, "बाईंना सांगा, बंबाचे पट्टे पण इतके घट्ट नाहीत."

आणि मुंगीने टाकलेलं ते काय होतं सांगू? तिची टॉर्च! ती पिवळी, दादाने आणलेली, गळ्यात अडकवायची. मला इतकं भरून आलं ना. एवढीशी पोर आणि स्वतःची आवडती वस्तू देऊन टाकली. परवाच बाजाराच्या मागच्या गल्लीत एक स्वयंपाकघर जळलं. माणसं सगळी वाचली, पण राहायला काही उरलं नाही. तिथे मुंगीएवढीच एक मुलगी होती, मी तिला टॉर्चवाली पिशवी दिली. तिने लगेच लावून बघितली, माझ्याच डोळ्यांत. मुंगीला सांग, तिची टॉर्च कामाला लागली.

शाळा सुसाट चालल्यात. आता मी पुस्तकाचं नाटकच करते. वर्गातल्या कपाटाला चादर लावायची, एक मूल आत लपतं, बाकीचे हाका मारतात, त्याने ओ द्यायची नाही. मग मी मास्क लावून खर्रर्र फूऽस करत सगळ्या बाकांखाली शोधते आणि शेवटी चादर ओढते. सापडलास! काय टाळ्या पडतात! सगळ्यांनाच लपणारा व्हायचं असतं. कालच्या शाळेत त्यावरून मारामारी झाली. बाई म्हणाल्या, इतक्या आनंदाने ही मुलं कुठल्याच तासाला बसत नाहीत.

हेल्मेटबद्दल लिहीत नाही, बघ, मी शहाणी झालेय. पिशव्या शिवल्यास म्हणजे तुझा आमच्यावरचा राग थोडा तरी उतरलाय, असं मी धरून चाललेय. चूक असेल तर सांगू नकोस.

मास्कचं भेटल्यावर बोलू ना. पत्रात नको.

तुझी भोंगा


९ जुलै

भोंगा,

मुंगी हरवली होती.

आता घरी आहे, झोपलीय. आधी हे लिहिते म्हणजे तू पुढचं नीट वाचशील.

मी कामावरून आले तर आई खुर्चीत डुलकी काढत होती आणि दार नुसतं लोटलेलं. मुंगी कुठे दिसेना. हाका मारल्या. गच्चीवर गेले, पाण्याच्या टाकीतही डोकावले. शेजारचे दोघं रस्त्यावर पळाले. खालच्या दुकानदाराने दुकान तसंच उघडं टाकलं. सगळी इमारत तिच्या नावाने ओरडत होती आणि पोर ओ देत नव्हती.

ती कपाटात होती. आमच्या कपाटाची कडी बाहेरून आहे, दार आपटलं की आपोआप पडते. आत त्याचा कोट आहे, त्याच्या मागे घुसून बसली होती, डोक्यावर हेल्मेट. झोपेत पेंगताना हेल्मेट दाराला लागलं म्हणून मला आवाज आला. नाहीतर मी खालीच शोधत राहिले असते. उघडलं तेव्हा केस कपाळाला चिकटलेले, तोंड लालबुंद, ओठ कोरडे. आणि माझ्यावर रागावली. म्हणाली, "तू कशाला उघडलंस? आता परत पहिल्यापासून लपावं लागेल."

मी विचारलं, मी घसा फोडून हाका मारत होते, ऐकू येत नव्हतं का?

"येत होतं ना. पण ओ दिली की तूच येतेस."

भोंगा, तुला कळलं का? मला आधी कळलं नाही. तिने पुस्तक आणलं आणि मला पान काढून दाखवलं. आई हाका मारते, मूल ओ देत नाही. शेजारी हाका मारतात, मूल ओ देत नाही. म्हणून मग काका येतो. तिचं चुकलं कुठे? तू लिहिलंस तसंच केलं.

बाबा परत येणार नाही हे मी तिला सांगितलंय, जवळ बसवून, नीट. तिने मान हलवली होती. पण पुस्तकात तो रोज येतो. मी एकदाच सांगितलं, पुस्तक रोज सांगतं.

आणि हे पहिल्यांदा नाही. पुस्तक आल्यापासून ती कपाटात बसतेय. मी तुला 'आवडलं' एवढंच लिहिलं. वाटलं, त्याच्या कपड्यांचा वास येतो म्हणून बसत असेल. मीही बसते कधीकधी दार उघडं ठेवून, तिला काय बोलू? म्हणून हेल्मेट दिलं नाही तुला. माझ्यासाठी नाही. ती ते शोधेल म्हणून.

टॉर्च तिने त्या मुलीसाठी टाकली नव्हती. काल विचारत होती, बाबाला मिळाली का? कपाटात अंधार असतो, त्याला दिसायला हवं ना.

मला आता तिला काहीतरी सांगावं लागणार आहे, आणि अर्धवट सांगून चालणार नाही. तेव्हा मास्कचं काय ते लिही. भेटल्यावर नाही. आता.

वहिनी


१४ जुलै

वहिनी,

दोन पत्रं लिहून फाडली. ह्यात पण काही धड येईल असं वाटत नाही.

तुझं पत्र आलं त्या सकाळी एक शाळा ठरलेली होती. गेले. चादर लावली. एक मुलगी आत जाऊन बसली आणि बाकीचे हाका मारायला लागले. ती आत खुदुखुदु हसत होती. मला पुढे काही करताच येईना. मी चादर काढली आणि मुलांना म्हटलं, आज नाटक नाही. मामांनी काही न विचारता सामान आवरलं. परत येताना बंबात मी रडले. ते म्हणाले, "रड, इथे पाण्याला तोटा नाही." आणि मग तेही रडले.

मी किती शाळांत हे केलंय, वहिनी. किती मुलांना मी शिकवलं की ओ दिली नाही तर मजा येते.

मास्कचं सांगते.

त्या घरात आमचा एक जण आधी जाऊन आला होता. त्याने ती खोली बघितली, हाक मारली, कोणी बोललं नाही, तो पुढे गेला. पोराने त्याला कपाटाच्या फटीतून बघितलं होतं. नंतर त्याने साहेबांना सांगितलं की काहीतरी लांब नाकाचं आलं होतं आणि घोरत होतं. मग दादा गेला. त्याला आतून हुंदका ऐकू आला. कपाट उघडलं तर पोरगा कपड्यांच्या मागे अजून घुसला, लाथा मारायला लागला. धूर वाढत होता. दादाने मास्क काढला. स्वतःहून. म्हणजे पोराला माणूस दिसावा. मग तो आला. दादाने तो मास्क पोराच्या तोंडावर धरला आणि खिडकीपर्यंत आणलं, शिडीवर मामा होते, त्यांनी पोराला घेतलं. मामा सांगतात, पोराला खाली देऊन त्यांनी वर बघितलं तर खिडकीत कोणी नव्हतं.

उपकरणात काही अडचण नव्हती. तू बरोबर ओळखलंस. आत मास्क काढायचा नाही हा आमचा पहिला नियम आहे. साहेबांना वाटलं, त्याने नियम मोडला असं मागे कोणी म्हणू नये. आणि मला वाटलं, तू म्हणशील की दुसऱ्याच्या पोराला तोंड दाखवलं आणि आपल्या पोरीचा विचार नाही केला. मला ते ऐकायचं नव्हतं. म्हणून मी गप्प बसले. म्हणूनच शाळेत मास्क काढत नाही मी. मुलं मास्ककडे यायला शिकली, तर परत कुणाला तो काढावा लागणार नाही. एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पोरगा अजून एक सांगत होता, काका मास्क काढून 'कुक' म्हणाले. धुराने त्याचं डोकं चक्रावलं असेल असं सगळ्यांना वाटलं. कोणी ते पुढे सांगितलंच नाही.

टॉर्च परत मागायला मी त्या मुलीकडे गेले होते. ते आता तिच्या आजोळी एका खोलीत राहतात. तिने मला आत नेलं आणि दाखवलं, ती टॉर्च उशीखाली ठेवते, लावत नाही, नुसता हात ठेवून झोपते. मी बिस्किटाचा पुडा देऊन परत आले. मागता आलं नाही गं. रागाव माझ्यावर, चालेल.

पुस्तकाची छपाई मी थांबवायला सांगितलीय. साहेब म्हणाले, का? मी म्हटलं, शेवट चुकलाय.

वहिनी, मी येऊ का? मुंगीसमोर एकदा सगळं चढवते, शाळेत करते तसं. पुस्तकातला काका नाही, खरा मास्क. तू नको म्हणालीस तर नाही येणार.

भोंगा


२० जुलै

भोंगा,

ये.

कपाटाची दारं मी स्क्रू काढून उतरवली. पडदा शिवून लावलाय, गाऊनच्याच कापडाचा, जमिनीपासून वीतभर वर. आई म्हणते घर हॉस्पिटलसारखं दिसतं. दिसू दे. पडद्याखालून पाय दिसतात.

आता तू सांगितलंस तर मीही सांगते. तो पोरगा बरळत नव्हता.

मुंगी तेव्हा नुकती रांगायला लागली होती. तुझा दादा एकदा मास्क घरी घेऊन आला, गंमत म्हणून, आणि दारातच लावून उभा राहिला. पोर अशी किंचाळली की शेजारचे आले. पलंगाखाली शिरली, पार भिंतीला लागून. मी ओढायला गेले तर हाताला चावली. त्याने मास्क काढून बाजूला ठेवला, फरशीवर पालथा पडला, गाल जमिनीला लावला आणि नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "कुक." तिने बघितलं. परत म्हणाला, "कुक." ती हसली आणि रांगत बाहेर आली.

त्यानंतर रोज कामावरून आला की दारात हाताने तोंड झाकायचा, मग हात काढायचा. कुक. ती कुठेही लपलेली असली तरी यायची. घाबरलेलं मूल कसं बाहेर काढायचं हे त्याला कुठल्या ट्रेनिंगमध्ये नाही शिकवलं. ते त्याला हिने शिकवलं.

'आपल्या पोरीचा विचार नाही केला' असं मी म्हणेन, असं तुला वाटलं. मलाही वाटायचं. वर्षभर तेच वाटत होतं. आता वाटतं, त्या कपाटासमोर त्याला दुसरं कोणी दिसलंच नसेल.

हे तिला कधीही सांगू नकोस. मोठी झाली तरी नाही. तिच्यामुळे त्याने मास्क काढला, असं तिच्या डोक्यात एकदा शिरलं तर ते कपाट तिच्यासाठी कोणीच उघडू शकणार नाही.

बाकी काय सांगायचं ते तू सांग. मला जमलं नाही.

येताना मशीनच्या सुया आण, तुमच्याकडे चांगल्या मिळतात.

वहिनी


५ ऑगस्ट

वहिनी,

पोचले. सुया द्यायच्या विसरले, माझ्या बॅगेतच राहिल्या, वेगळ्या पाठवते. तुझ्या आईने दिलेला डबा बसमध्ये उघडला आणि शेजारच्या बाईंनी अर्धा संपवला.

मुंगीसमोर सगळं चढवलं त्या दिवशी तू कामावर होतीस आणि संध्याकाळी तू विचारलंस, "झालं?", मी म्हटलं, "झालं." तुझ्यासमोर बोलले असते तर मी कोसळले असते, म्हणून आता लिहिते.

मी पलंगासमोर बसून सगळं काढून ठेवलं. बूट तिने घालून बघितले, मांडीपर्यंत आले. कोटाचा वास घेतला आणि म्हणाली, "हा नवीन आहे. बाबाचा जळका येतो." हेल्मेट मी माझं घातलं, तिने कपाटातून त्याचं आणून स्वतःच्या डोक्यावर ठेवलं. मग मी मास्क हातात घेतला. तिचं हसू गेलं. मी तिला धरायला दिला, तिने धरला नाही. मी लावला. खर्रर्र फूऽस. ती पलंगाखाली गेली, तू लिहिलं होतंस तशीच, पार भिंतीला.

वहिनी, तिथे मला दादा कळला. मी तिचीच आत्या, बाहेर धूर नाही, खिडकी उघडी, तुझी आई स्वयंपाकघरात भांडी घासतेय, आणि तरी मला तो मास्क ओरबाडून काढावासा वाटला. एका मुलाचे घाबरलेले डोळे तुझ्याकडे बघतायत आणि तुझं तोंड तुला दाखवता येत नाही. मी कशीबशी बसून राहिले. तुझी आई येऊन म्हणाली, "अगं काढ की ते, पोर घाबरलीय." मी मान हलवली. त्या बडबडत परत गेल्या.

मग ती आली. आधी हेल्मेट आलं, फरशीवर घासत, मग ती. माझ्या गुडघ्यापाशी बसली, काचेवर हात ठेवला, आणि अगदी हळू म्हणाली, "कुक."

तिला आठवतंय, वहिनी. तू म्हणशील, तो मास्क बघितला तेव्हा ती रांगत होती, कसं आठवेल. आठवतंय. काच आतून धूसर झाली, मला पुढचं काही दिसेना. बरं झालं मास्क होता.

काढल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, "त्या मुलाला शोधायला बाबा गेला. मग बाबाला शोधायला कोण गेलं?"

मला कोणत्याच वर्गात कोणी हे विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "सगळे गेले. मामा गेले, साहेब गेले."

"सापडला?"

"सापडला. जिन्याने खाली यायला निघाला होता, तिथेच."

"हाका मारल्या होत्या?"

"खूप."

"त्याने ओ दिली?"

"नाही."

ती हेल्मेटच्या पट्ट्याशी खेळत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तो लपला नव्हता. त्याला ओ देताच येत नव्हती." मी म्हटलं, हो. "आणि आता पण येत नाही?" मी म्हटलं, नाही, आता पण नाही. ती रडली नाही. उठली आणि आजीकडे जाऊन पाणी मागितलं. ती पाणी पीत होती आणि मी तो घोटांचा आवाज ऐकत बसले होते.

तू सांगू नको म्हणालीस ते मी सांगितलं नाही. सांगणार पण नाही.

निघताना काय झालं ते तू खाली रिक्षा थांबवत होतीस म्हणून तुला माहीत नाही. मी तिला शोधत होते, निरोप घ्यायला. पडद्याखाली तिचे पाय दिसत होते, एका पायात मोजा, एकात नाही. मी मुद्दाम पडदा ओढला नाही. लांबूनच हाक मारली, "मुंगी!" काही नाही. परत मारली. पायाची बोटं आत मुडपली. वाटलं, झालं, सगळं पहिल्यासारखं. तिसऱ्यांदा हाक मारायचं धाडस होत नव्हतं.

मग आतून आलं, "ओ."

आणि मग, "तूच आहेस ना, आत्या?"

"हो गं. मीच आहे."

"बरं," म्हणाली आणि बाहेर आली.

त्या 'बरं'मध्ये काय होतं ते मला लिहिता येत नाही. माझ्यासारख्या इंग्लिश मीडियमवालीचं मराठी कमी पडतं म्हणतात, पण मला वाटतं हे कुठल्याच मीडियममध्ये बसणार नाही.

टॉर्चचं मी तिला खरं ते सांगितलं, एका मुलीच्या उशीखाली आहे. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, सेल संपले की तिला नवीन दे. ते मी बघेन.

शाळा परत सुरू केल्यात. आता नाटकात लपणारं कोणी नाही. आता मी मास्क लावून हाक मारते आणि मुलं जिथे असतील तिथून ओ देतात, जितक्या मोठ्याने येईल तितक्या. जो सगळ्यात मोठ्याने ओरडेल तो भोंगा. टाळ्या पूर्वीइतक्या नाही पडत. बाई कानावर हात ठेवतात.

राहिलं पुस्तक. सगळी पानं नवीन काढली. मूल ओ देतं, मास्कवाला काका आवाजाच्या दिशेने जातो, मूल मास्कला घाबरत नाही, दोघं बाहेर येतात. इथे संपवा, असं साहेब म्हणतात. मुलांच्या हातात द्यायचंय, पुढचं कशाला? मामा म्हणतात, आधीच्या पुस्तकात पण असंच हसरं शेवटचं पान होतं आणि काय झालं ते बघितलं ना. मी अजून एक पान काढून ठेवलंय. त्यात एका खुंटीला एक जळकं हेल्मेट आहे आणि खाली एकच ओळ, 'हे हेल्मेट ज्याचं होतं तो काका एकदा परत आला नाही.' बस. ते पान मी रोज घालते आणि रोज काढते. घातलं की एखादं मूल आत गेलेल्या आपल्या बाबाची वाट बघत रडेल असं वाटतं. काढलं की मला मुंगी दिसते, कपाटात, ओ न देता बसलेली.

छापखाना पुढच्या आठवड्यापर्यंत थांबायला तयार आहे. वहिनी, तू तिची आई आहेस, तूच सांग. शोधायला गेलेला माणूस कधीकधी परत येत नाही, हे मुलांना सांगावं का गं?

तुझी भोंगा